मामांच्या बुलेटचा कंपनी आवाज

लालबाग,
वसुबारसेच्या आदल्या दिवशी

ती. जयवंतमामांस,

तुमचा तूर्तास नावडता भाचा निलेश याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की गाडी बंद असल्यामुळे आठही अंगांना सध्या दुसरं काम नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं पित्त? परसातली वांगी यंदाही माकडांनीच नेली, की तुमच्या वाट्याला काही आली? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे. फक्त ती माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलते, त्यावरून तुमचा तिला रोज फोन येतो हे कळतं. मी फोन केला की मात्र तुम्ही ‘हॅलो’ ऐकता आणि ठेवून देता. असे चार रविवार गेले. म्हणून हे पत्र. पत्र ऐकून ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही फाडणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरीत असताना मिळालेले मेमोसुद्धा तुम्ही तारखेवार लावून गावी नेलेत.

आधी माझ्यावरचा आरोप नीट मांडतो, म्हणजे भाच्याने लपवाछपवी केली असं व्हायला नको. सहा वर्षांपूर्वी तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. घरातला मोठा माणूस या नात्याने जाताना तुम्ही मला दोन गोष्टी दिल्यात, एक उपदेश आणि एक चौऱ्याऐंशी सालची बुलेट. उपदेश अजून चालू आहे. बुलेटची अट एकच होती, की तिचा ‘कंपनीचा आवाज’ बदलता कामा नये. त्यासाठी दर रविवारी सकाळी नऊला हजेरी. मी चाळीखाली उतरायचं, तुम्हाला फोन लावायचा, किक मारायची आणि फोन सायलेन्सरच्या तोंडाशी धरून दोन मिनिटं उकिडवं बसायचं. तिकडे तुम्ही पडवीत डोळे मिटून, चहाची बशी हातात घेऊन ऐकणार. (लोक सकाळी अभंग लावतात.) या सेवेत माझा एक फोन काळा पडला, दुसऱ्याचा स्पीकर कायमचा खोकतो, आणि समोरच्या टॉवरमधल्या एका बाईंनी आमच्या चाळीत येऊन अतिशय काळजीने विचारलं, की हा मुलगा दर रविवारी मोटारसायकलला कुणाशी बोलायला लावतो. मी सांगितलं, मामांशी. त्या पुन्हा आल्या नाहीत.

तर गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला तुमच्या सायलेन्सरने प्राण सोडला. खालून गंजून गंजून अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. गाडी अशी काही ओरडली की सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच पुढची माणसं निघाली. हवालदारसाहेबांनी पावती फाडली आणि वर असंही सांगितलं, की पुढच्या वेळी सायलेन्सर जप्त करून रोलरखाली घालू. आता सायलेन्सर बदलणं भाग होतं. हे मी तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, ही माझी चूक, कबूल. पण मला वाटलं आधी आवाज जुळवतो, मग सांगतो. माणसाचं वाटोळं याच वाक्याने होतं.

आता दुसरी गोष्ट, जी आईने तुम्हाला सांगितली आहे पण तुम्ही ऐकली नाही असं दाखवता आहात. शेफाली. वरळी कोळीवाड्यात राहते, परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. बँकेच्या आरोग्य तपासणीत माझंही काढलं, ओळख तिथून. (सुई टोचताना ती म्हणाली बघू नका, मी बघितलं, तिच्याकडे.) लॅब सकाळी सातला उघडते, म्हणून दीड वर्ष मी तिला साडेसहाला कोळीवाड्याच्या गल्लीच्या तोंडाशी घ्यायला जातो. तुमच्या गाडीचा आवाज आला की ती खाली येते. फोन का करत नाही, असं तुम्ही विचारणार. तर तिचा फोन रात्रभर चार्जिंगला असतो आणि घरात मोकळा प्लग एकच, तिच्या वडिलांच्या उशाशी. वडील म्हणजे विठोबा, स्वतःची होडी आहे, दोन-दोन तीन-तीन दिवस समुद्रात असतात आणि घरी असले की दहापर्यंत झोपतात. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. ते कोळी, आपण मालवणी, त्यात मी बँकेत बसून दुसऱ्यांच्या आकड्यांवर टिकमार्क करणारा. तेव्हा त्यांना योग्य वेळी, योग्य माणसाकडून, रीतसर कळावं असा माझा बेत होता. तो योग्य माणूस फोन उचलत नाही.

तर सल्ल्यासाठी मी प्रितेशकडे गेलो. प्रितेश म्हणजे आपल्या चाळीतला, ज्याचं नाक तुम्ही एकदा स्वतःच्या रुमालाने पुसलं होतं तो. आता तो बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे जगातल्या यच्चयावत आवाजांबद्दल चाळ त्यालाच विचारते. (शेजारच्या अण्णांच्या घोरण्यावरही त्याचंच औषध चालू आहे.) त्याने मला पहिल्यांदा समजावलं, की सगळा खेळ बॅफलचा असतो. सायलेन्सरच्या पोटात भोकाभोकांचा एक नळा बसवलेला असतो, तो बॅफल. नळा लांब असेल तर गाडी गप्प, आखूड असेल तर वाचाळ, आणि नळाच नसेल तर गाडी थेट निवडणुकीला उभी. बाहेर तयार मिळतात, हवा तो घ्यायचा. ऐकायला किती सोपं वाटतं बघा. लग्नाच्या बाबतीतही लोक हेच सांगतात.

आम्ही गिरगावात ऑपेरा हाऊसच्या मागे, स्पेअर पार्टच्या गल्लीत गेलो. तिथल्या दुकानदाराने भिंतभर नळे दाखवले. आखूड, लांब, चकत्यांचे, जाळीचे, काचेचा कापूस गुंडाळलेले. मग विचारलं, साउंड पायजे का पिकअप? मी प्रामाणिकपणे गरज सांगितली. म्हटलं, पहिल्या मजल्यावर आरशासमोर उभ्या मुलीला ऐकू जावा, पण तळमजल्यावर झोपलेल्या तिच्या वडिलांना जाऊ नये, असा द्या. दुकानदाराने हातातला नळा खाली ठेवला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “साहेब, ऐसा माल अभी तक बना नहीं.”

मग प्रितेशने आखूड नळा निवडला, कारण त्यात म्हणे ‘बेस’ होता. नवा सायलेन्सर, नवा नळा. बेस होताच. शिवाय गाडी ॲक्सिलेटर सोडला की मागून फटाके फोडायची. पहिल्याच संध्याकाळी लालबागच्या पुलावरून उतरताना तिने एक असा बार काढला, की टॉवरच्या पार्किंगमधल्या चौदा गाड्यांचे भोंगे एकदम सुरू झाले. टॉवरच्या सोसायटीने आमच्या चाळ कमिटीला इंग्रजीत पत्र पाठवलं, की तुमच्यामुळे आमच्या परिसराची शांतता बिघडते. (त्यांचा परिसर. जिथल्या गिरणीत तुमच्या वडिलांनी तीस वर्षं साचे चालवले आणि जिच्या भोंग्यावर अख्खं लालबाग जेवत होतं, तिथे शांतता बिघडते.) कमिटीने ते पत्र फ्रेम करून नोटीस बोर्डावर लावलं. आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजले. मी मेल्या कोंबडीसारखं तोंड करून खाली उतरलो आणि फोन धरला. तुम्ही दोन मिनिटंही ऐकलं नाहीत. वीस सेकंदांनी म्हणालात, “ह्यो आवाज माझ्या गाडयेचो नाय. आणि जोपर्यंत तो आवाज परत येना नाय, तोपर्यंत माका तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवूक सांगू नको.” आणि ठेवलात. तुमच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं म्हणजे तुमचं ते बोलणं.

घाबरून मी तो नळा बदलून सगळ्यात लांब नळा आणला, काचेच्या कापसासकट. मामा, एवढी शांतता मी बँकेच्या ऑडिटमध्येही अनुभवली नाही. गाडी चालू आहे की बंद हे कळायला टाकीवर हात ठेवून बघावं लागे. पिकअप असा, की पुलाच्या चढावर मला सायकलवाल्या पाववाल्याने मागे टाकलं आणि जाताना माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. कोळीवाड्यात साडेसहाला जाऊन उभा राहिलो, पावणेसात झाले, सात झाले, शेफाली खाली येईना, कारण तिला मी आल्याचं कळेना. ती आठ दिवस लॅबमध्ये उशिरा पोहोचली आणि उपाशीपोटी रांगेत बसलेल्या लोकांच्या शिव्या तिने खाल्ल्या. नवव्या दिवशी तिने सांगितलं, की एक तर आवाज आण, नाहीतर रीतसर दारात ये. तिचा आवाज मात्र पहिल्या मजल्यापर्यंत गेला असता.

शेवटी गंगाधर भेटले. कोळीवाड्यात होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे हे गृहस्थ, वय साठीच्या पुढे, बोलणं कमी आणि विडी जास्त. गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर बंद पडली तेव्हा त्यांनी न विचारताच सांगितलं, की तिला श्वास घेता येत नाही. मी तुमचा जुना फुटका सायलेन्सर गोणपाटात बांधून माळ्यावर जपून ठेवला होता (हे वाचून तुमचा राग चार आण्यांनी तरी कमी व्हावा). तो त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, मामांच्या गाडीचा हा ओरिजिनल कंपनीचा आवाज आहे, असाच करून द्या. त्यांनी बॅटरी लावून आत बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, तुझा मामा मानूस कसा हाय. मी म्हटलं, अतिशय तत्त्वाचे. ते ‘हं’ म्हणाले आणि विडी पेटवली. त्यांनी भोकाला ठिगळ जोडलं, एक स्टीलचा नळा कापला, हाताने ड्रिल मारून भोकं पाडली आणि सायलेन्सरात घट्ट बसवला. मामा, खोटं नाही सांगत, किक मारली आणि माझ्या अंगावर काटा आला. खोल, सावकाश, घुमणारा, आणि ॲक्सिलेटर दिला की गाडी हाताला ओढ देते अशी. मी ठरवलं, येत्या रविवारी मामांना हा ऐकवायचा. पण रविवारच्या आधी सकाळ झाली.

सकाळी साडेसहाला मी कोळीवाड्यात शिरलो आणि समोरून दहा-बारा बायका टोपल्या घेऊन धावत सुटल्या. पुढे काशीबाई, म्हणजे शेफालीची आई. मागे बर्फाची हातगाडी. मला वाटलं बंदरावर काही झालं. शेफाली बसली, आम्ही निघून गेलो. तीन दिवसांनी परत तेच. संध्याकाळी शेफालीने सांगितलं, की आई चक्रावली आहे, दोनदा बाबांच्या होडीचा आवाज आला आणि धक्क्यावर जाऊन बघते तर होडी नाही. बर्फवाल्याने फुकट खेपेचे पैसे मागितले. तेव्हा आम्हा दोघांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. कोळीवाड्यात प्रत्येक होडीचा आवाज वेगळा. बाई घरात मसाला वाटत असली तरी आपला धनी खाडीच्या तोंडाशी आला की आवाजावरून ओळखते आणि टोपली उचलते. आणि गंगाधरांनी गेल्या वर्षी विठोबांच्या होडीला जो नळा करून दिला, त्याच मापाची भोकं त्यांच्या हाताला बसलेली. त्यांना दुसरं माप येतच नाही. मी विचारायला गेलो तर म्हणाले, चांगला नळा एकच असतो.

मी हसलो, मामा. शेफालीही हसली. मी नळा काढून टाकायला हवा होता, पण आवाज इतका चांगला होता की म्हटलं, विठोबा घरी असतात तेव्हा काळजी नाही, समुद्रावर असले की गाडी वरळी नाक्यावर लावून चालत जाईन. दोन दिवस गेलोसुद्धा. मग कोजागरी आली. त्या आठवड्यात विठोबांची होडी सोमवारी संध्याकाळी यायची होती, ती आली नाही. मंगळवारी आली नाही. वारा होता, होडीवरचे फोन लागत नव्हते. बुधवारी पहाटे शेफालीने शेजारणीच्या फोनवरून सांगितलं, की ये. मी निघालो, आणि मामा, मी नाक्यावर थांबलो नाही. घाईत विसरलो. गल्लीत शिरलो तेव्हा काशीबाई दोन दिवसांच्या उपाशी, दारात बसल्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला. त्या अनवाणी धावल्या, हसत, शेजारणींना हाका मारत, धनी आला म्हणून सांगत. मी मागोमाग वळण घेऊन धक्क्यावर पोहोचलो. त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. गाडीकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या एका पालथ्या टोपलीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी गाडी बंद केली. आजवर मी लाजेने मान खाली घातली असेल, पण असं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

मी तिथून हललो नाही. बँकेत कळवलंही नाही. शेफाली आईशेजारी, मी चार हात लांब, उन्हात. कुणीतरी मला पाणी दिलं, ते काशीबाईंनीच द्यायला सांगितलं होतं असं नंतर कळलं. दुपारी चारच्या सुमाराला दुसऱ्या एका होडीच्या मागे दोर बांधलेली विठोबांची होडी आली. इंजिन बंद पडलेलं, त्यामुळे काही आवाज न करता. एवढ्या बायका धक्क्यावर होत्या पण कुणालाच आधी कळलं नाही, एकदम समोर दिसली. विठोबा उतरले, काशीबाईंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी विचारलं, हा कोण. शेफाली पांढरी पडली. काशीबाई म्हणाल्या, “योच तो. आपले होरीचा आवाज काढनारा.”

विठोबांनी मला गाडी चालू करायला सांगितली. मी केली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, दोन मिनिटं, अगदी तुम्ही ऐकता तशी. (फक्त बशी नव्हती.) मग शेफालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तीन दिवस समुद्रात तहानलेला माणूस, पण त्याला सगळा हिशेब उभ्या उभ्या लागला. म्हणाले, “एका धक्क्यावर एक आवाज दोघांचा नको. बायकांचा जीव जातो. यो नळा आताच्या आता काढ. आनि तुझे घरचा मोठा मानूस घेऊन ये, मंग बोलू.” गंगाधरांनी तिथेच नळा काढला. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार ठरला आहे. आई म्हणते, भाऊ असताना मी एकटी कुणाच्या दारात सोयरीक मागायला जाणार नाही, लोक विचारतील मुलाचा मामा मेला की काय. म्हणजे आता असं आहे, की तुमचा आवाज परत आल्याशिवाय तुम्ही येणार नाही, आणि तुम्ही आल्याशिवाय माझं लग्न ठरणार नाही. सायलेन्सर ठिगळासकट पण नळ्याविना चाळीखाली आहे, गाडीवर ताडपत्री आहे आणि मी बसने जातो. शेफाली बसच्या आवाजाने खाली येत नाही.

एवढंच कळवायचं होतं. येण्याचा आग्रह मी करणार नाही, तत्त्वाच्या माणसाला आग्रह करू नये. मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
निलेश

ता. क. गंगाधरांना मी नंतर विचारलं, की त्या दिवशी बॅटरी लावून आत काय बघितलंत. त्यांनी मलाही दाखवलं. तुमच्या सायलेन्सरात नळा नाहीच. भोक पडलं तेव्हा पडला असं नव्हे, फार आधीपासूनच नाही. तो करवतीने कापून काढलेला आहे, कापल्याच्या खुणा अजून आहेत, आणि त्या हाताला वर्कशॉपचं वळण आहे असं त्यांचं मत पडलं. म्हणजे सहा वर्षं मी उकिडवं बसून तुम्हाला जो कंपनीचा आवाज ऐकवला, त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता. (तोच आवाज आत्ताही ताडपत्रीखाली तयार आहे, पण तो बिननळ्याचा आहे हे कळल्यावर हवालदारसाहेबांसमोरून न्यायची माझी छाती नाही.)

ता. क. २. मामीने फोन केला होता. विहिरीमागून. तिने काही सांगितलं नाही असं सांगायला तिने सांगितलं आहे. तिने न सांगितलेली गोष्ट अशी, की सत्याऐंशी साली ती वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि लालबागचा एक तरुण रोज संध्याकाळी खालून जायचा. कंपनीचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोहोचत नव्हता. एका रविवारी त्याने नळा कापला, सोमवारपासून पोहोचायला लागला. कापलेला तुकडा त्याने तिला निशाणी म्हणून दिला. तो तरुण पुढे हे विसरला, तिने तो ट्रंकेत ठेवला आणि गावी जाताना बरोबर नेला.

ता. क. ३. वृंदावनात तुळशीच्या मुळाशी जो भोकाभोकांचा लोखंडी नळा मामीने रोवला आहे, ज्याला तुम्ही पंपाचा तुकडा समजता आणि रोज अंघोळ करून ज्याच्या भोकात उदबत्ती खोचता, तो तोच. गंगाधर म्हणतात, आणलात तर जोडून देतो, मग गाडीला खरोखरच कंपनीचा आवाज येईल, जो तुम्ही अडतीस वर्षांत ऐकलेला नाही. तुळशीचं लग्न लागलं की तिची माफी मागून उपटून आणा. तुम्ही नाही आणलात तर मामी आणणार आहे, तिचं तिकीट मी काढलं आहे. तुमचंही काढलं आहे, शेजारचंच. खिडकी तिची.